वाचकांचे प्रश्न : जाळ्यातली राखीव बँडविड्थ

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वेगवान स्थानिक जाळ्यांतील बँडविड्थ आरक्षणाच्या पद्धतींची तुलना हा विषय मला प्रकल्पासाठी मिळाला असून मार्गदर्शकांनी एफडीडीआय या जुन्या प्रकाशतंतू-जाळ्यापासून सुरुवात करायला सांगितले आहे. जे जाळे आता कोणी बसवत नाही त्याचा अभ्यास कशासाठी करायचा, आणि वाटपाच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना नेमक्या कोणत्या मापाने करायची?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांची निवड मला योग्य वाटते. एफडीडीआय मागे पडले हे खरे, पण आरक्षणाच्या, म्हणजे जाळ्याच्या वहनक्षमतेतला वाटा आधीच अडवून ठेवण्याच्या, पद्धती एकमेकींशी ताडून पाहताना मत कुठे संपते आणि सिद्धता कुठे सुरू होते, हे या जाळ्यावर जितके स्वच्छ दिसते तितके नंतरच्या फार थोड्या जाळ्यांवर दिसते.

त्याची रचना थोडक्यात सांगतो. १०० मेगाबिट वेगाच्या दुहेरी प्रकाशतंतूच्या रिंगवर एक टोकन, म्हणजे बोलण्याच्या परवान्याची छोटी खूण, फिरत असते आणि ज्या स्थानकाच्या, म्हणजे जोडलेल्या उपकरणाच्या, हाती टोकन येते तेच बोलू शकते. रिंग सुरू होताना प्रत्येक स्थानक टोकनच्या फेरीसाठी आपल्याला हवा असलेला काळ पुकारते आणि सर्वांत लहान बोली सर्वांना लागू होते. हा फेरीचा लक्ष्यकाळ. त्यानंतर वाहतुकीचे दोन वर्ग पडतात. सिंक्रोनस वर्गातल्या स्थानकाला प्रत्येक फेरीत ठरावीक वेळ मिळतोच, मग टोकन लवकर येवो की उशिरा. असिंक्रोनस वर्गाला मात्र टोकन लक्ष्यकाळाच्या आधी आले तर जेवढा वेळ वाचला तेवढाच मिळतो. ही कल्पना रॉबर्ट ग्रो यांनी १९८२ मध्ये मांडली, आणि १९८७ मध्ये केनेथ सेव्हसिक व मार्जोरी जॉन्सन यांनी सिद्ध केले की टोकनच्या फेरीचा सरासरी काळ लक्ष्यकाळाच्या वर जात नाही आणि एखादी फेरी कितीही लांबली तरी ती लक्ष्यकाळाच्या दुपटीपलीकडे जात नाही.

यातून पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि आपल्या प्रकल्पाचा गाभा तोच आहे: प्रत्येक फेरीत कोणत्या स्थानकाला किती वेळ राखून द्यायचा? टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील गोपाल अगरवाल, बिआओ चेन आणि वेई झाओ यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात अशा अनेक वाटप-पद्धती एकाच मापाने मोजल्या. त्यांचे माप असे होते: एकूण भार किती टक्क्यांच्या आत असला म्हणजे प्रवाह, म्हणजे ठरावीक काळाने येणारे संदेश, कसेही असले तरी एकाही संदेशाची मुदत चुकणार नाही, अशी हमी ती पद्धत देऊ शकते? सरासरी विलंब किंवा एकूण वहन यांऐवजी आपणही हेच माप धरावे, असे मी सुचवीन, कारण सरासरीपुरतेच काम असते तर आरक्षणाच्या वाटेला कोणी गेलेच नसते.

एक उदाहरण हाताने सोडवून पाहा. लक्ष्यकाळ १० मिलिसेकंद आहे आणि त्यातला १ मिलिसेकंद टोकन फिरण्यात व इतर खर्चात जातो, असे धरू. म्हणजे वाटायला ९ उरले. स्थानक ‘अ’ला दर २० मिलिसेकंदांत ४ मिलिसेकंद बोलायचे आहे, ‘ब’ला दर ६० मध्ये ३ आणि ‘क’ला दर १०० मध्ये ५. एकूण भार ३० टक्के होतो. लक्षात ठेवायचे ते एवढेच की टोकनच्या फेऱ्या लांबू शकत असल्याने २० मिलिसेकंदांत टोकन दोनदा येईल असे धरता येत नाही, एकदाच येईल असे धरावे लागते. त्याच हिशेबाने ६० मध्ये पाच आणि १०० मध्ये नऊ भेटींचीच खात्री.

पहिली पद्धत म्हणजे प्रत्येकाला त्याचा पूर्ण संदेश एका भेटीत पाठवता येईल एवढा वेळ देणे. ४, ३ आणि ५ मिळून १२ होतात, वाटायला ९ आहेत. पद्धत इथेच कोसळते. दुसरी पद्धत समान वाटपाची: प्रत्येकाला ३. ‘अ’ला एका भेटीत ४ हवे आहेत, म्हणून तीही फसते. तिसरी पद्धत प्रत्येकाला त्याच्या भाराच्या प्रमाणात देण्याची: ‘अ’ला ९ चे २० टक्के, म्हणजे १.८, तेही अपुरे. चौथ्या पद्धतीत हाच भार एकूण भाराने भागून घेतात, त्यामुळे उपलब्ध असलेले सगळे ९ मिलिसेकंद वाटले जातात: ‘अ’ला ६, ‘ब’ला १.५, ‘क’ला १.५. आता ‘अ’चे काम एका भेटीत होते, ‘ब’ला पाच भेटींत ७.५ मिळतात आणि ‘क’ला नऊ भेटींत १३.५. सर्वांच्या मुदती पाळल्या जातात.

हा योगायोग नाही. या चौथ्या पद्धतीची हमी सुमारे ३३ टक्के भारापर्यंतची आहे, आणि फेरीतला एक दशांश वेळ खर्चात जात असेल तर ती बरोबर ३० टक्क्यांवर येते. पूर्ण संदेशाच्या आणि नुसत्या प्रमाणाच्या पद्धतीची हमी शून्य टक्के आहे, म्हणजे कितीही हलक्या भारावर त्यांना पाडणारे एखादे उदाहरण रचता येते. समान वाटपाची हमी स्थानकांची संख्या वाढेल तशी शून्याकडे घसरत जाते. इथे एक इशारा देऊन ठेवतो, कारण विद्यार्थ्यांच्या अहवालांत हा घोटाळा वरचेवर दिसतो: ३३ टक्के ही कमाल मर्यादा नव्हे. त्याहून अधिक भारही अनेकदा बिनचूक वाहून नेला जातो, फक्त तो जाईलच असे प्रवाह न तपासता म्हणता येत नाही.

पण मला विचाराल तर या कथेतली सर्वांत उपयोगाची पद्धत पाचवी आहे. तिच्यात प्रत्येक स्थानक आपल्या संदेशाची लांबी खात्रीच्या भेटींच्या संख्येने भागते आणि तेवढाच वेळ मागते: ‘अ’ला ४, ‘ब’ला ०.६, ‘क’ला सुमारे ०.५६. बेरीज ५.१६ च्या आसपास येते आणि जवळजवळ ३.८४ मिलिसेकंद नव्या पाहुण्यासाठी शिल्लक राहतात. तिचीही हमी चौथ्या पद्धतीइतकीच आहे. फरक असा की चौथ्या पद्धतीत एक नवा प्रवाह आला की एकूण भार बदलतो आणि त्यासरशी सर्व स्थानकांचे वाटप नव्याने करावे लागते. चालू असलेले जाळे त्या क्षणी कोणत्या मधल्या अवस्थेतून जाते हा आणखी निराळा घोर. पाचव्या पद्धतीत नवा प्रवाह आपला हिशेब स्वतः करतो, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. आपल्या तुलनेच्या तक्त्यात हमीच्या टक्केवारीशेजारी ‘एक प्रवाह वाढल्यास किती जणांचे वाटप बदलते’ असा एक रकाना अवश्य ठेवा.

प्रश्न : आमच्या कार्यालयातले मुख्य स्विच १० गिगाबिटचे आहेत आणि निरीक्षणाच्या आलेखात वापर ५ टक्क्यांच्या वर क्वचितच जातो. इतकी जागा रिकामी असताना आरक्षण कशासाठी?
— जाळे-व्यवस्थापक, नवी मुंबई

उत्तर : कार्यालयाच्या कामाला ते लागत नाही, हे आधी मान्य करतो. मात्र आपला आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवत असावा, आणि विलंब जन्माला येतो तो मायक्रोसेकंदांच्या मापावर. एक गिगाबिटच्या २४ पोर्टांवरून एकेक पूर्ण लांबीची फ्रेम, म्हणजे माहितीची एक पुडी, एकाच क्षणी एकाच पोर्टाकडे निघाली, तर प्रत्येक फ्रेमला तारेवर सुमारे १२.३ मायक्रोसेकंद लागतात आणि शेवटची फ्रेम आपल्या पाळीसाठी २८० मायक्रोसेकंदांहून अधिक थांबते. हे सेकंदातून एकदाच घडले तर आलेखावर ठिपकासुद्धा उमटणार नाही. ईमेल उघडणाऱ्याला याचे काही वाटत नाही. दर अर्ध्या मिलिसेकंदाला आज्ञेची वाट पाहणाऱ्या मोटरला वाटते. रुंद तार सरासरी सुधारते आणि रांग लवकर रिकामी करते, पण रांग किती वाढू शकेल याची मर्यादा ती लिहून देत नाही. अशी लेखी मर्यादा ज्याला हवी त्यानेच आरक्षणाचा खटाटोप करावा.

याच कारणाने १९९७ मध्ये आलेला आरएसव्हीपी हा आरक्षणाचा प्रोटोकॉल कार्यालयांच्या जाळ्यांत रुजला नाही, असे माझे मत आहे. तो राउटरांशी बोलत असे, आणि मधल्या साध्या स्विचला आपल्यातून कोणते आरक्षण चालले आहे याचा पत्ताच नसे. ती फट बुजवण्यासाठी जाळ्याच्या प्रत्येक तुकड्यावर एक बँडविड्थ-व्यवस्थापक निवडून सर्व मागण्या त्याच्यामार्फत मंजूर करण्याची योजना २००० मध्ये प्रसिद्ध झाली, पण तोवर १०० मेगाबिटचे आणि गिगाबिटचे स्विच स्वस्त होऊ लागले होते आणि कोणाला तिची निकड उरली नव्हती.

प्रश्न : आमच्या नाट्यगृहाच्या ध्वनियंत्रणेचे नूतनीकरण चालू आहे. एक पुरवठादार दान्ते घ्या म्हणतो, दुसरा एव्हीबी या इथरनेट-मानकांवर आधारित मिलान. दोघेही ‘हमखास’ हाच शब्द वापरतात. खरा फरक कोणता?
— ध्वनिसंयोजक, नाशिक

उत्तर : फरक असा की एकात प्राधान्य आहे आणि दुसऱ्यात आरक्षण, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत.

दान्ते ही सिडनीच्या ऑडिनेट कंपनीची पद्धत साध्या स्विचवर चालते. घड्याळ जुळवणाऱ्या पॅकेटांना सर्वांत वरचे प्राधान्य, त्याखाली ध्वनीच्या पॅकेटांना, बाकी सगळे नंतर, अशी तिची मांडणी असते. स्विच ती खूण वाचून रांगा लावतो, पण ध्वनीचे एकूण किती प्रवाह त्या तारेवर आले याचा हिशेब तो ठेवत नाही. म्हणजे प्रवाह वाढतच गेले तर ‘आता जागा नाही’ असे सांगणारा मध्ये कोणी बसलेला नाही. ते भान जाळे आखणाऱ्याने ठेवायचे. एव्हीबीत बोलणारे उपकरण आधी जाहीर करते की माझा प्रवाह अमुक आकाराचा आहे. ही घोषणा पुढे नेताना वाटेतला प्रत्येक स्विच आपल्या पोर्टावर तेवढी जागा आहे का ते पाहतो. नसेल तर घोषणेवर नकाराची खूण करून ती पुढे पाठवतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला आवाज तुटण्याआधीच नकार कळतो. असेल आणि ऐकणाऱ्याने होकार कळवला, तर त्या वाटेवर जागा अडवली जाते. अशा प्रवाहांसाठी पोर्टाच्या क्षमतेच्या ७५ टक्क्यांपर्यंत जागा देता येते, हे मूळ नियमातले प्रमाण आहे. उरलेली २५ टक्के इतर कामांना.

आकडे पाहू. ४८ किलोहर्ट्झचे ८ चॅनेल, प्रत्येक नमुना ३२ बिटांचा, असा प्रवाह नुसत्या ध्वनीपुरता १२.३ मेगाबिटच्या आसपास होतो. पण एव्हीबीतल्या वरच्या, म्हणजे अधिक तातडीच्या, वर्गात दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक फ्रेम निघते, तिच्यात प्रत्येक चॅनेलचे सहाच नमुने बसतात, आणि शीर्षके व फ्रेमांमधली मोकळी जागा धरून आरक्षण सुमारे १६.५ मेगाबिटचे करावे लागते. तरीही गिगाबिटच्या तारेवर असे ४५ प्रवाह, म्हणजे ३६० चॅनेल, ७५ टक्क्यांच्या आत मावतात. आपल्या नाट्यगृहाला याच्या चौथाईचीही गरज पडेल असे वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला यंत्रणेपेक्षा परिस्थितीवर अवलंबून आहे. ध्वनीसाठी स्वतंत्र स्विच आणि स्वतंत्र तारा ओढणार असाल, जाळे एकाच माणसाच्या हाती राहणार असेल, आणि स्विचवरची वीज वाचवणारी इथरनेटची सोय आठवणीने बंद ठेवणार असाल, तर दान्ते निर्धास्त घ्या. प्राधान्याने काम भागते. त्याच तारांवरून उद्या चित्रीकरणाचे कॅमेरे, तिकिटखिडकी आणि प्रेक्षकांचे वायफायही जाणार असेल आणि प्रत्येक प्रयोगाला नवे तंत्रज्ञ आपली पेटी आणून जोडणार असतील, तर नकार देऊ शकणारे जाळे बरे. त्यासाठी वाटेतला प्रत्येक स्विच एव्हीबी जाणणारा हवा, आणि तसे स्विच निवडीला कमी असतात, हे अंदाजपत्रकात आधीच धरा.

प्रश्न : पूर्वी लग्नाचे चित्रीकरण डीव्ही कॅमेऱ्यातून फायरवायरने संगणकात घेत असू. त्याच तारेवर हार्डडिस्क जोडलेली असे, तरी चित्र तुटत नसे. तिथे आरक्षण कोण सांभाळत होते?
— छायाचित्रण व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर : गंमत अशी की जवळजवळ कोणीच नाही. फायरवायरच्या, म्हणजे १९९५ च्या आयईईई १३९४ मानकात दर १२५ मायक्रोसेकंदांच्या चक्रातला सुमारे ८० टक्के वेळ वेळबद्ध प्रवाहांना देता येतो, आणि त्याची शिल्लक जोडलेल्या उपकरणांपैकी एकाच्या नोंदवहीत, म्हणजे एका रजिस्टरमध्ये, लिहिलेली असते. सुरुवातीची शिल्लक ४,९१५ एकके. ज्याला जागा हवी त्याने शिल्लक वाचायची, आपला वाटा वजा करायचा आणि ‘मी वाचला तोच आकडा अजून असेल तरच हा नवा आकडा लिही’ अशी एकसंध आज्ञा द्यायची. मध्येच दुसऱ्याने जागा घेतली असेल तर आज्ञा फसते आणि पुन्हा वाचून सुरुवात करावी लागते. मंजुरी देणारा अधिकारी नाही, अर्ज नाही, दोघांना एकच जागा मिळण्याची भीतीही नाही. नवे उपकरण जोडले की सारी नोंद पुसली जाते, आणि आधीच्या धारकांनी एका सेकंदाच्या आत आपापली जागा पुन्हा नोंदवायची असते.

उणीव एवढीच की नोंदवलेल्यापेक्षा जास्त बोलणाऱ्याला ती नोंदवही रोखू शकत नाही. पद्धत सौजन्यावर उभी आहे. एका टेबलावरच्या मोजक्या उपकरणांत ते सौजन्य पुरले. यूएसबीत मात्र हा हिशेब संगणक स्वतःच्या हाती ठेवतो. आरक्षणाच्या इतिहासात मला या रजिस्टरइतकी नेटकी युक्ती दुसरी आठवत नाही.

प्रश्न : आमच्या कारखान्यात यंत्रमानवांचे नियंत्रण आणि तपासणीचे कॅमेरे एकाच इथरनेटवर आणायचे आहेत. क्रेडिटवर चालणारा शेपर आणि वेळेच्या खिडक्या, या दोन्हींतले काय निवडावे?
— देखभाल अभियंता, चाकण

उत्तर : दोन्ही घ्यावे लागेल, पण वेगवेगळ्या कामांना.

क्रेडिटचा शेपर, म्हणजे वाहतुकीचा वेग आवरणारी यंत्रणा (इथरनेटचे मानक ८०२.१क्यूएव्ही, २००९), राखीव वर्गाच्या रांगेला पतखात्यासारखा हिशेब लावतो. रांग खोळंबली की ठरलेल्या दराने पत वाढते, फ्रेम निघू लागली की ती झपाट्याने घटते, आणि उणे झाली की भरून येईपर्यंत रांगेला थांबावे लागते. गिगाबिटच्या पोर्टावर २०० मेगाबिट राखले असतील तर पत २०० च्या दराने चढते आणि ८०० च्या दराने उतरते. त्यामुळे कॅमेऱ्याचा फ्रेमांचा लोंढा पसरून जातो आणि राखलेली पण न वापरलेली जागा इतरांना आपोआप मिळते. मात्र फ्रेम नेमकी कधी पोचेल हे तो सांगत नाही, फार तर अमुक वेळेच्या आत पोचेल एवढेच सांगतो. ध्वनीच्या वरच्या वर्गासाठी सात टप्प्यांत २ मिलिसेकंद हे त्याचे उद्दिष्ट होते. शिवाय स्विचमध्ये हा हिशेब साऱ्या वर्गाचा मिळून असतो, एकेका प्रवाहाचा नसतो. वर्गातला एक कॅमेरा बिघडून बेसुमार बोलू लागला तर त्याच्या शेजाऱ्यांचेही नुकसान होते. त्यावर २०१७ मध्ये प्रत्येक प्रवाहावर वेगळा पहारा ठेवण्याची तरतूद (८०२.१क्यूसीआय) आली, स्विच घेताना ती आहे ना, हे विचारून घ्या.

वेळेच्या खिडक्या (८०२.१क्यूबीव्ही, २०१५) वेगळ्याच स्वभावाच्या आहेत. पोर्टावरच्या आठ रांगांपुढे दारे असतात आणि कोणते दार कधी उघडायचे याचे वेळापत्रक सर्व स्विच एकाच जुळवलेल्या घड्याळावर चालवतात. यंत्रमानवाच्या फ्रेमला आपली खिडकी मिळाली की मध्ये कोणी येत नाही, आणि पोचण्याच्या वेळेतली हालचाल जवळजवळ नाहीशी होते. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. खिडकी उघडण्याआधी निघालेली लांब फ्रेम तिच्यात घुसू नये म्हणून आधीचा काही वेळ मोकळा सोडावा लागतो: गिगाबिटवर सुमारे १२.३ मायक्रोसेकंद, पण १०० मेगाबिटवर १२३. चक्र २५० मायक्रोसेकंदांचे असेल तर जुन्या १०० मेगाबिटच्या तारेवर निम्मा वेळ केवळ या मोकळीकीतच गेला. लांब फ्रेम मध्येच तोडून नंतर पुढे चालू करण्याची सोय (८०२.१क्यूबीयू) दोन्ही टोकांना असेल तर ही मोकळीक सव्वाशे-दीडशे बाइटांच्या वेळेवर येते, म्हणजे गिगाबिटवर साधारण एका मायक्रोसेकंदावर. दुसरी किंमत वेळापत्रकाची. अनेक स्विच आणि अनेक प्रवाह यांचे बिनटक्करीचे वेळापत्रक शोधणे हे गणिताच्या दृष्टीने अवघड वर्गातले काम आहे. म्हणून २०१८ च्या ८०२.१क्यूसीसी मध्ये साऱ्या मागण्या एका मध्यवर्ती नियंत्रकाकडे देऊन त्याच्याकडून वेळापत्रक उतरवून घेण्याचा पर्याय मांडला आहे. आणि खिडकीतला न वापरलेला वेळ, इतर दारे बंद असल्यास, फुकट जातो.

तेव्हा यंत्रमानवांच्या मोजक्या, लहान, ठरल्या वेळी निघणाऱ्या फ्रेमांना खिडक्या द्या, कॅमेऱ्यांना शेपरखाली ठेवा, आणि उरलेल्या संगणकांना जे राहील ते. कॅमेऱ्यांनाही खिडक्या देण्याचा मोह होतो, पण कॅमेऱ्याचे मॉडेल बदलले की सारे वेळापत्रक पुन्हा मांडावे लागेल. सांगलीच्या विद्यार्थिनीला दिलेल्या उत्तरातला तो जादा रकाना इथेही लागू पडतो.

प्रश्न : घरच्या वायफाय राउटरमध्ये ‘बँडविड्थ रिझर्वेशन’ अशी सोय आहे. मुलाच्या ऑनलाइन वर्गासाठी ती चालू करावी का?
— एक पालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चालू करायला हरकत नाही, फक्त अपेक्षा बेताची ठेवा. राउटर आपल्याकडून इंटरनेटकडे जाणारी रांग नीट लावू शकतो. येणारी रांग बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीच्या टोकाला लागते, तिच्यावर त्याचा थेट ताबा नसतो. वायफायच्या हवेत तर शेजारच्या घरातले राउटरही त्याच वाहिनीवर बोलत असतात, आणि आपल्या राउटरची नोंद त्यांना बंधनकारक नाही. वर्गाचा संगणक तारेने जोडा आणि त्या सोयीत जाणारा वेग आपल्या प्रत्यक्ष वेगाहून थोडा कमी भरा. राउटरने मोडेमच्या आधी रांग आपल्याकडे रोखली तरच प्राधान्य लावायला त्याच्याकडे काही उरते.